पिकअपच्या पाठीवरचा डब्बा

आमच्या डब्ब्याचे किस्से मी काही मुद्दाम जमवले नाहीत. कौलांवर पाला साचतो तसे ते साचत गेले. एक उचलावा तर त्याच्याखालून दुसरा निघतो. शिवाय वडशाला चहाच्या टपरीवर हे किस्से माझ्याआधी पोचलेले असतात आणि तिथे त्यांना शेपूट फुटलेलं असतं. परवा एकानं मलाच सांगितलं की त्या डब्ब्यात म्हणे विहीर होती. तेव्हा म्हटलं, जे माझ्या डोळ्यांदेखत घडलं तेवढं तरी एकदा सांगून टाकावं. विहीर नव्हती. पाण्याची टाकी होती, आणि तीही गळायची.

गडचिरोली वेगळा जिल्हा होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. वडशाला माझा फोटो स्टुडिओ होता. फोटो मी काढायचो आणि माझी बायको शीला रिटचिंग करायची. म्हणजे बारीक पेन्सिल घेऊन निगेटिव्हवरचे देवीचे वण, पुरळ, डोळ्यांखालची काळी वर्तुळं घालवायची. गिऱ्हाइकं पार धानोऱ्याकडून एसटीनं यायची. फोटो काढायला एक दिवस मोडायचा, न्यायला दुसरा. एकदा शीला म्हणाली, “लोकांनी स्टुडिओकडे येण्यापेक्षा आपणच स्टुडिओ लोकांकडे नेला तर?” म्हणून आम्ही एक जुनी पिकअप घेतली. आधी ती झिंगे वाहायची. ड्रायव्हर गुलाब तिच्यासोबतच आला, आणि वासही.

पिकअपला मागे नुसता उघडा हौदा. त्यावर झोपायला दोन बाक, सामानाचे कप्पे, बायकांना तयार व्हायला पडद्याचा कोपरा आणि एक छोटी डार्करूम, एवढं सगळं बसवायचं होतं. ट्रकच्या बॉड्या बांधणारे म्हणाले, “आम्ही बॉडी बांधतो, घर नाही बांधत.” शेवटी आम्ही देवाजी मिस्त्रींकडे गेलो.

मिस्त्री साठीचे. सगळी उमर झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्याकडच्या गावोगावच्या नाटकांचे सेट करण्यात गेलेली. राजवाडा, तुरुंग, देऊळ, जे म्हणाल ते उभं करायचे आणि खेळ संपला की घडी करून बैलगाडीत घालायचे. त्यांनी पिकअपभोवती दोन चकरा मारल्या.

“माह्या हातचा राजवाडा एका खेळापुरता उभा राह्यते, बावा. हे किती दिवस उभं पायजे?”

“दहा वर्षं,” मी म्हटलं.

“दहा वर्षं कोनतंच नाटक चालत नाई,” असं म्हणून ते कामाला लागले.

*

मिस्त्रींचा टेपवर विश्वास नव्हता. गाठी मारलेला एक सुती दोरा त्यांच्या खिशात असायचा, त्यानंच सगळी मापं. गाडीचं माप झालं आणि ते मला म्हणाले, “झोप.”

“इथी?”

“मंग कुठी? बाक तुह्यासाठी हाय ना?”

स्टुडिओसमोर, भर रस्त्याच्या कडेला मी उताणा झोपलो. ऊन डोळ्यांवर येत होतं म्हणून डोळे मिटले. हात कुठे ठेवावेत कळेना म्हणून छातीवर ठेवले. मिस्त्रींनी डोक्यापासून टाचेपर्यंत दोरा धरला, मग खांद्याची रुंदी घेतली आणि गंभीरपणे गुलाबला म्हणाले, “पावनेचार हात. याले बांबू नाई चालनार. सागवानच घेऊ.”

नेमकी तेव्हाच ब्रह्मपुरीची एसटी तिथून गेली. कंडक्टर माझ्या सासऱ्यांच्या गल्लीतला. त्यानं खिडकीतून जेवढं पाहिलं तेवढंच जाऊन सांगितलं. एका शब्दानंही खोटं बोलला नाही तो.

दुपारी मी जेवायला बसलो होतो. दारात जीप थांबली. शीलानं दार उघडलं तर तिची मावशी तिच्या गळ्यात पडून हंबरडा फोडायला लागली. शीलाला वाटलं, माहेरी कोणाचं तरी बरंवाईट झालं. तीही रडायला लागली. दोघी एकमेकींना घट्ट धरून रडत होत्या, एक माझ्यासाठी आणि दुसरी कोणासाठी ते तिचं तिलाच माहीत नव्हतं. मागे सासरे उभे, बगलेत पांढऱ्या कापडाची घडी.

हात खरकटा तसाच घेऊन मी बाहेर आलो. “जयभीम,” मी म्हटलं.

“जयभीम,” सवयीनं ते बोलून गेले. मग माझ्याकडे पाहिलं. मग बगलेतल्या कापडाकडे पाहिलं. ती घडी हळूहळू पाठीमागे नेली.

“जिता हायेस?”

“हो.”

“मंग माप काऊन घेतलं?”

मी पिकअपकडे बोट दाखवलं. सासऱ्यांचा चेहरा आता रडवेल्याचा रागीट होऊ लागला होता. तेवढ्यात मिस्त्री दोरा घेऊन आले, त्यांनी पाहुण्यांना वरून खाली नीट न्याहाळलं आणि म्हणाले, “बरं झालं तुमी आले. दुसऱ्या बाकाचं माप राह्यलंच होतं. झोपा.”

*

सांगाडा लोखंडी अँगलचा आणि जुन्या नाटकी राजवाड्यातून निघालेल्या सागवानी पट्ट्यांचा, वर पत्रा. बाजूंना प्लायवूड पाहिजे होतं. मिस्त्रींनी एका बंद पडलेल्या नाटकाच्या सेटचं आणलं. डाव्या बाजूला राजवाड्याची खिडकी आणि तिच्यात बसलेला पोपट. उजव्या बाजूला तुरुंगाचे गज. गजांवरचा गंजसुद्धा रंगवलेला. “रंग मांगून मारू,” मिस्त्री म्हणाले, आणि आम्ही तसेच ट्रायलला निघालो.

ब्रह्मपुरीकडच्या एका गावाजवळ इंजिन तापलं. गुलाब पाणी आणायला गेला, मिस्त्री आत कप्प्याचा खिळा ठोकत होते आणि मी सावलीला उभा होतो. धानाच्या बांधावरून एक बाई हातात विळा घेऊन धावत आली.

“साहेब, माह्या मानसाले सोडा.”

मी म्हटलं, “बाई, आत कोणी नाही.”

तिनं माझ्याकडे लक्षच दिलं नाही. रंगवलेल्या गजांना तोंड लावून तिनं हाक मारली, “अवो!”

आतून मिस्त्री म्हणाले, “काय?”

झालं. बाई जी सुरू झाली. दोन दिवस घर सोडून मंडईच्या जत्रेत जुगार खेळतोस, बैलांना कोण पाणी पाजेल, माय तुझी आजारी, धान कापायचे दिवस, आता बैस सरकारची भाकर खात. मिस्त्री आत अगदी चूप. मी दोनदा मध्ये बोलायला गेलो, तिनं विळ्याचा हात नुसता हलवला. सगळं बोलून झाल्यावर ती दमली. मग मिस्त्रींनी मागचं दार उघडलं आणि हातोडी घेऊन खाली उतरले.

बाईनं त्यांना नीट पाहिलं. “हा माहा नोहे,” ती म्हणाली. पदर सारखा केला आणि बांधावरून परत निघाली. दहा-बारा पावलं गेली, थांबली आणि वळून माझ्याकडे आली.

“साहेब, तो भेटला तं दोन दिवस ठेवा त्याले इथी. जागा तं रिकामीच हाय.”

ती गेल्यावर मी म्हटलं, “मिस्त्री, ही बाजू आजच्या आज रंगवा.”

“काऊन?” मिस्त्री गजांवरून हात फिरवत म्हणाले. “दिवसाउजेडी खरे वाटले. सेटवर तं गॅसबत्ती लागे.”

महिनाभर त्यांनी त्या बाजूला ब्रश लावू दिला नाही.

*

डार्करूममध्ये उजेडाचा एक ठिपका आला तरी फिल्म वाया जाते. म्हणून काम झाल्यावर भर दुपारी मी आत जाऊन बसलो. युक्ती साधी असते. दार लावून अंधारात पंधरा मिनिटं बसायचं, डोळे सरावले की जिथून उजेड येतो तिथे खडूनं खूण करायची. मी आत आहे हे फक्त शीलाला माहीत होतं, आणि ती शेजारी हळदीकुंकवाचे फोटो द्यायला गेली होती.

गुलाब जेवून आला. मिस्त्री कप्प्यांना बिजागऱ्या आणायला ब्रह्मपुरीला गेले होते, त्यांना घेऊन यायचं होतं. त्यानं मागचं दार बाहेरून कडी घालून लावलं आणि गाडी सुरू केली.

पहिल्यांदा मला वाटलं, इंजिन चालू करून पाहतोय. मग गाडी वळली. मग वैनगंगेच्या पुलावरचा आवाज आला तेव्हा खात्री पटली. मी दोन्ही हातांनी फळ्या बडवायला लागलो. गुलाबनं गाडी हळू केली. मला बरं वाटलं. पण आवाज कमी होतो का ते पाहून त्यानं ती पुन्हा जोरात सोडली. खड्डा आला की मी एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर. ओरडलो तर माझाच आवाज माझ्या कानात बसायचा, इतकं पक्कं काम.

ब्रह्मपुरीला हार्डवेअरच्या दुकानासमोर गाडी थांबली. गुलाबचा आवाज ऐकू आला.

“मिस्त्री, तुमचा डब्बा वाजून राह्यला जी. सगळा रस्ता वाजत आला.”

“माहा डब्बा वाजत नाई,” मिस्त्री म्हणाले.

मी जीव तोडून तीनदा ठोकलं. मग मिस्त्रींनी बाहेरून दोनदा ठोकलं. मी दोनदा ठोकलं. त्यांनी एकदा ठोकलं. मी एकदा.

“गुलाब,” मिस्त्री म्हणाले, “सागवान एवढं इमानदारीनं उत्तर देत नाई. हा मानूस हाय.”

दार उघडलं. मी घामानं निथळत, तोंडभर खडू माखून खाली उतरलो आणि रस्त्यावरच बसलो. गुलाबनं दोन्ही हात जोडले. मिस्त्रींनी मला पाणी दिलं, मी ते पिईपर्यंत थांबले आणि विचारलं, “उजेड कुठून येते?”

“कुठूनच नाही,” मी म्हटलं.

“आन हवा?”

“तीही नाही.”

“म्हंजे अर्धं काम चांगलं झालं,” मिस्त्री म्हणाले.

*

जंगलातून लाकूड न्यायचं तर पास लागतो, आणि आमच्याकडे प्रत्येक रस्त्यावर वनखात्याचा नाका. एका नाक्यावरचे नाकेदार फारच सरळ गृहस्थ होते. कोणाचा चहासुद्धा घेत नसत. त्यांनी आमच्या डब्ब्यावर बोटानं टकटक केलं.

“सागवान हाय. पास?”

“ही गाडी आहे,” मी म्हटलं.

“गाडी लोखंडाची राह्यते. हे घर हाय.”

मिस्त्री सोबत होते. म्हणाले, “भाऊ, हे लाकूड वीस वर्षं गावोगाव हिंडलं, कोनी पास नाई मांगितला. तवा हे राजवाडा होतं.”

नाकेदारांनी खूप विचार केला. अडवावं तर लाकूड तोडलेलं नाही, सोडावं तर सागवान डोळ्यांसमोरून जातं. शेवटी त्यांनी रजिस्टर उघडलं आणि वळणदार अक्षरात लिहिलं, “सागवानी घर, नग एक, गेले.” परत येताना लिहिलं, “सागवानी घर, नग एक, आले.” पुढे हा रिवाजच पडला. आम्ही दिसलो की ते रजिस्टर उघडूनच बाहेर यायचे.

पावसाळ्यात एकदा नाल्याला पूर आला आणि आम्ही गडचिरोलीवरून दुसऱ्या रस्त्यानं वडशाला आलो. आठवडाभरानं नाकेदार सायकलवर स्टुडिओत हजर. मागच्या कॅरिअरला प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं रजिस्टर.

“तुमचं घर गेलं, वापस आलं नाई,” ते म्हणाले. झोप उडालेली दिसत होती. “सोमवारी साहेब तपासनीले येऊन राह्यले. एक सागवानी घर जंगलात गेलं आन निंघालं नाई, हे मी कसं सांगू?”

“आलं म्हणून लिहून टाका ना.”

“न पाहता? खोटं लिहू?”

त्यांची अडचण खरी होती. दुसऱ्या दिवशी आम्ही गाडी घेऊन नाक्यावर गेलो, पण आम्ही होतो अलीकडच्या बाजूला. ‘आले’ लिहायचं तर गाडी पलीकडून यायला हवी. आणि पलीकडे जायचं तर नाक्यातूनच जावं लागणार, म्हणजे रजिस्टरमध्ये आणखी एक घर ‘गेले’. नाकेदार बराच वेळ रस्त्यात आडव्या टाकलेल्या बांबूला धरून उभे राहिले. मग त्यांनी बांबू वर केला आणि जंगलाकडे तोंड करून, आमच्याकडे पाठ फिरवून उभे राहिले.

“जा पलीकडे,” ते म्हणाले. “जे मले दिसलं नाई, ते गेलं नाई.”

आम्ही गेलो आणि वळून परत आलो. त्यांनी गाडी डोळे भरून पाहिली, चारही बाजूंनी हात लावला आणि लिहिलं, “सागवानी घर, नग एक, सुखरूप आले.”

*

आता कप्प्यांचं सांगतो. यात माझी थोडी शोभा आहे, पण चालायचंच.

शीलाला प्रवासात लाडू-चिवडा ठेवायला जागा पाहिजे होती. उघड्यावर ठेवलं की गुलाब संपवायचा. तिनं मिस्त्रींना एकीकडे बोलावून सांगितलं, “मिस्त्रीबुवा, एक चोरकप्पा करा. यांनाही सांगू नका.” गुलाबला तंबाखू-सुपारीचा खर्रा लपवायचा होता, कारण शीलाला दिसला की ती पुडी नाल्यात फेकायची. त्यानंही मिस्त्रींना गाठलं. आणि मी बिडी सोडली होती. म्हणजे शीलासमोर सोडली होती. मीही गाठलं. मिस्त्री तिघांनाही तेच म्हणाले, “करून देतो. पन कोनाले सांगू नोको.”

शीलाचा कप्पा बाकाखालून उघडायचा. गुलाबचा, ड्रायव्हरच्या सीटमागची फळी सरकवली की. माझा, डार्करूमच्या तळाशी.

पहिल्याच दौऱ्यात मी बिडी काढायला हात घातला तर हाताला लाडू लागला. मनात म्हटलं, म्हणजे शीलाला सगळं कळलंय, आणि भांडण्याऐवजी तिनं मुकाट्यानं लाडू ठेवलाय. मला इतकी लाज वाटली की त्या दिवशी मी न सांगता सगळी भांडी घासली. लाडू मात्र खाल्ला. तिकडे गुलाबला वाटायचं, मिस्त्रींनी प्रेमानं आपल्यासाठी खाऊची सोय केली आहे. तो त्यांना भेटला की पायाच पडायचा. आणि शीला म्हणायची, “गाडीत उंदीर झालेत. लाडवाला बिडीचा वास येतो, म्हणजे कुठले उंदीर असतील?” मी मान खाली घालून भांडी घासायचो.

असं तीन-चार महिने चाललं. कुरखेड्याच्या बाजाराच्या दिवशी मी डार्करूममध्ये होतो, अंधारात कप्पा उघडून हात घातला तर बिडीच्या बंडलाऐवजी बांगड्या घातलेला हात हातात आला. मी सोडला नाही. त्या हातानंही माझा सोडला नाही. आम्ही दोघं भिंतीच्या दोन बाजूंना. तेवढ्यात तिसऱ्या बाजूनं आणखी एक हात शांतपणे आत आला आणि आमच्या दोघांच्या हातांवरून एक लाडू उचलून घेऊन गेला.

वडशाला येऊन तिघांनी मिळून मिस्त्रींना घेरलं. त्यांनी रंधा खाली ठेवला नाही.

“तीन कप्प्यांले जागा कुठी होती?” ते म्हणाले. “आन तुमी का परके आहात एकमेकांले?”

*

एक छोटासा किस्सा, धानोऱ्याच्या आतला. रस्ता संपला की पुढे बैलगाडीच्या चाकोरीनं जायचं, असं एक गाव. गावाच्या तोंडाशी शेणानं सारवलेली, झाडून लख्ख केलेली एक जागा दिसली. गुलाबनं तिथेच गाडी लावली. सकाळी उठलो तर वर पावलं वाजत होती. बाहेर येऊन पाहतो तर एक म्हातारी डब्ब्याच्या छपरावर बसून मोहफुलं पसरत होती. टोपल्याच्या टोपल्या. वर कशी चढली, आजपर्यंत कळलं नाही.

“आजी, गाडीवर काऊन वाळवून राह्यली?” गुलाबनं विचारलं.

“माही वाळवायची जागा तुया गाडीखाली हाय,” ती म्हणाली. “तू खालची घेतली, मी वरची घेतली.”

फुलं पूर्ण वाळेपर्यंत तिनं गाडी हलू दिली नाही. गावातल्या सगळ्यांचे फोटो काढून झाले, बैलांचेही झाले. चौथ्या दिवशी ती उतरली तेव्हा आम्ही निरोप घेतला. “पुढल्या साली याच दिवसांत या,” ती म्हणाली. आम्हाला वाटलं, आमचा लळा लागला. “पत्रा चांगला तापते,” म्हणाली.

*

शेवटचा सांगतो आणि थांबतो.

मिस्त्रींनी बायकांसाठी जो पडद्याचा कोपरा केला होता, त्यात एक छोटा आरसा आणि एक स्टूल होतं, आणि डब्ब्याच्या दाराला आतून लागणारी कडी होती. तिथे बायका साडी नीट करायच्या, पावडर लावायच्या आणि शीलाशी बोलायच्या. घरच्या माणसांपासून दार लावून दहा मिनिटं बसायला त्यांना गावात दुसरी जागाच नव्हती. त्यामुळे माझ्यापेक्षा शीलाला गावोगावचं जास्त ठाऊक असायचं.

ब्रह्मपुरीकडच्या एका गावात कुंदा नावाची मुलगी स्थळांना दाखवायचा फोटो काढायला आली. सोबत तिचा मोठा काका आणि बाप. काका बोलणारा माणूस, घरात त्याचाच शब्द. बाप धाकटा भाऊ, “दादा म्हणते ते बरोबर” यापलीकडे तोंड न उघडणारा. दोघं बाहेर थांबले. आतून कडी लागली आणि कुंदा शीलाला म्हणाली, “बाई, माहा फोटो खराब येईन असं काही करता येते का?”

तिनं नर्सिंगचा फॉर्म भरला होता. बोलावणं यायला चार-सहा महिने लागणार होते. त्याआधी कुठे जमलं तर सगळं संपलं. फॉर्म भरल्याचं घरात कोणाला सांगितलं नव्हतं. सांगायची सोयच नव्हती.

त्या रात्री शीलानं मला हे सांगितलं आणि मी साफ नाही म्हटलं. “माझ्या स्टुडिओतून वाईट फोटो गेला नाही आजवर. जाणार नाही.”

“आजवर मी किती काळ्यांना गोरं केलं?” ती म्हणाली. “किती चेहऱ्यांचे वण घालवले? त्या पोरी सासरी गेल्यावर त्यांना काय ऐकावं लागलं असेल? तेव्हा नाही आडवे आलात तुम्ही.”

शीलानं दुसऱ्या दिवशी निगेटिव्ह उजेडावर धरलं आणि अर्धा दिवस पेन्सिल घेऊन बसली. प्रिंट निघाला तेव्हा मी थक्क झालो. तिनं पोरीला कुरूप केलंच नव्हतं. नाक तेच, डोळे तेच, वेणी तीच. फक्त भुवईच्या टोकाला आणि ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी असं केलं होतं की मुलगी आता उलट उत्तर देणार, असं वाटावं. तुम्ही काही बोलायच्या आधीच तिला ते पटलेलं नाही.

त्या फोटोवर पहिलं स्थळ परत गेलं. दुसरं गेलं. तिसऱ्यांनी तर पाहायला येतो म्हणून सांगितलं होतं, फोटो पोचल्यावर त्यांचा निरोपच आला नाही.

मग एका बाजाराच्या दिवशी दोघं भाऊ गाडीपाशी आले. काकानं फोटो माझ्यासमोर आपटला.

“हा काय फोटो हाय? पोरगी भांडखोर दिसते. आमची पोरगी गाय हाय, गाय.”

शीला पडद्याआडून बाहेर आली. “भाऊ, कॅमेऱ्यासमोर जे असते तेच येते.”

“अशी नाई दिसत ती. काय रे, दिसते का?” काकानं भावाला विचारलं.

बापानं फोटो उचलला. उजेडाकडे धरला. बराच वेळ पाहत राहिला. शीलाच्या कपाळावर घाम आलेला मला दिसला. बापानं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा फोटोकडे पाहिलं आणि फोटो खिशात ठेवला.

“दादा म्हनते ते बरोबर हाय,” तो म्हणाला.

“पुढच्या बाजाराले दुसरा काढून ठेवा,” काका म्हणाला. “हसरा. आन मान खाली घातलेला.” एवढं बोलून तो बैलबाजाराकडे निघाला. धाकटा भाऊ खाली मान घालून त्याच्यामागे गेला.

आम्ही दोघं सामान आवरायला लागलो. मी म्हटलं, “संपलं. बापानं ओळखलं.”

थोड्या वेळानं बाप एकटाच परत आला. छत्री बगलेत. डब्ब्याच्या पायरीपाशी उभा राहिला, मागे वळून बैलबाजाराकडे एकदा पाहिलं, खिशातून तो फोटो काढला आणि शीलाच्या हातात दिला.

“बाई,” तो म्हणाला, “याच्याच आनखी सहा कॉप्या काढून द्या.”